डोकं-मानेच्या गाठीची स्लाइड कशी बघायची: आधी कड, मग पेशी

पॅथॉलॉजीला नव्याने लागलेल्या पोरापोरींची एक सवय असते, स्लाइड मायक्रोस्कोपच्या स्टेजवर ठेवली रे ठेवली की थेट फॉर्टी एक्स, म्हणजे चाळीस पटीची लेन्स. मलाही होती. पेशीचा चेहरा बघायचा, न्यूक्लिअस केवढा, किती काळा, मायटोसिस म्हणजे पेशीविभाजन आहे का, आणि मग ठरवायचं चांगली की वाईट. पोटातल्या, फुफ्फुसातल्या गाठींना हे बऱ्यापैकी चालून जातं पण डोकं-मानेत हमखास तोंडावर पडता, कारण इथे कित्येक कॅन्सर दिसायला एकदम साधेभोळे असतात आणि काही निरुपद्रवी गाठी मात्र भयानक दिसतात. व्हेरुकस कार्सिनोमाच्या पेशी बघितल्यात तर नॉर्मल म्हणाल, अडेनॉइड सिस्टिक या लाळग्रंथीच्या कॅन्सरच्या पेशी लहानशा एकसारख्या, आणि जबड्याचा अमेलोब्लास्टोमा, कॅन्सर नसला तरी हाड खाणारा, तर नुसता सुंदर दिसतो. उलट मानेतल्या पॅरागँग्लिओमात अक्राळविक्राळ न्यूक्लिअस सापडतात आणि त्याला काडीचा अर्थ नसतो. म्हणून मी जे सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं, गाठ कुठली आहे आणि तिची कड शेजारच्या टिश्यूशी कशी वागतेय हे आधी बघा, पेशी नंतर बघू.

स्लाइडच्या आधी रिक्विझिशन फॉर्म, म्हणजे नमुन्याबरोबर सर्जनने पाठवलेला कागद. तो कोऱ्या कागदासारखा आला असेल, नुसतं 'बायोप्सी, रूल आउट मॅलिग्नन्सी' एवढंच, तर फोन करा, लाजू नका. वय, नेमकी जागा, तंबाखू-सुपारी-मिश्रीची सवय, किती दिवसांपासून, सीटीत हाड खाल्लंय का, आधी रेडिएशन झालंय का. जागा कळली की अर्ध्या शक्यता तिथेच गळून पडतात. गालाच्या आत आणि खालच्या हिरडीला लागून असलेला व्रण, पेशंट वीस वर्षं गुटखा खाणारा, तर आपल्याकडे तो स्क्वेमस सेल कार्सिनोमाच, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सरच, असणार असं धरून सुरुवात करायला हरकत नाही. टाळूवर मध्यरेषेच्या बाजूला गुळगुळीत गाठ म्हणजे मायनर सलायव्हरी ग्लँडचा, म्हणजे लहान लाळग्रंथीचा, विचार. नाकात अगदी वर छताला, तर वास घेणाऱ्या पेशींचा कॅन्सर, ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा, डोक्यात ठेवा. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, नाकातून रक्त, नाकाच्या मागे गाठ, तर अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, आणि याची ओपीडीत बायोप्सी घेणाऱ्याला पेशंट टेबलवरच रक्तबंबाळ झालेला बघावा लागू शकतो, म्हणून तिथे निदान बहुतेक वेळा स्कॅनवरच करतात आणि आपल्याकडे येतो तो काढलेला पूर्ण नमुना.

टिश्यूबद्दल थोडं, कारण निम्मा घोळ इथेच होतो. नमुना दहा टक्के फॉर्मलिनमध्ये आणि टिश्यूच्या किमान दहा पट तरी फॉर्मलिन, सलाइनमध्ये आलेला तुकडा संध्याकाळपर्यंत कामातून गेलेला असतो. म्यूकोसाची, म्हणजे तोंडाच्या ओल्या अस्तराची, बायोप्सी मेणात कडेवर उभी एम्बेड व्हायला पाहिजे, म्हणजे वर एपिथेलियम हा पेशींचा थर आणि खाली स्ट्रोमा हा आधाराचा टिश्यू असा कट मिळेल. ती आडवी पडली की रेटे पेग्ज, म्हणजे एपिथेलियमची खाली उतरलेली बोटं, तिरके कापले जातात आणि स्ट्रोमात एपिथेलियमची बेटं दिसायला लागतात आणि मग इन्व्हेजन, म्हणजे घुसखोरी, आहे की नाही यावरून दोन दिवस डोकेफोड. टेक्निशियनला चहा पाजा आणि एकदा शेजारी बसवून दाखवा की तुकडा कसा धरायचा. आमच्याकडे हे केल्यावर तिरक्या कटची कटकट बरीच कमी झाली.

आता स्लाइड. फोर एक्सवर दोन मिनिटं तरी घालवा, घड्याळ लावून. मी यावेळी मनात एकच प्रश्न ठेवतो, ही गाठ शेजाऱ्याला ढकलतेय की शेजाऱ्यात घुसतेय? कॅप्सूल आहे का, असली तर पूर्ण आहे का, गाठीची बोटं त्यातून बाहेर आलीत का. सलायव्हरी ग्लँडचे लोब्यूल, चरबी, स्नायू, नस यांच्या मधे ट्युमर शिरलाय का. घुसणारी कड दातेरी असते, तुटक असते, लहान लहान तुकडे पुढे गेलेले असतात, आणि आजूबाजूला स्ट्रोमा चिडलेला असतो, म्हणजे नवीन कोलॅजन, सूज, लिम्फोसाइट. ढकलणारी कड गोल असते, गुळगुळीत, जशी पुरणपोळी लाटताना पुरण सगळीकडे सारखं पसरतं तशी. हे बघून झालं की टेन एक्सवर रचना, पेशी घोळक्याने आहेत की नळ्या करतायत की चाळणी की नुसती चादर. आणि मग फॉर्टी.

स्क्वेमसपासून सुरू करू कारण रोजचं जेवण तेच आहे. ओळखीच्या तीन खुणा, केराटिन पर्ल म्हणजे कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसे एकात एक गोल थर आणि मधे गुलाबी केराटिन, दुसरं पेशी-पेशींमधले बारीक पूल, आणि तिसरं एकट्या-दुकट्या पेशीत आलेलं गडद गुलाबी केराटिन. वेल डिफरन्शिएटेडमध्ये हे ढिगाने असतं आणि निदान शिपाईही करेल. पण कड नसेल तर वेल डिफरन्शिएटेडच सगळ्यात फसवा. लवकरच्या इन्व्हेजनची माझी आवडती खूण सांगतो, एपिथेलियमच्या तळाशी पेशी नेहमी लहान आणि गडद असतात, वर जाता जाता त्या मोठ्या गुलाबी होतात, बरोबर? आता तळाशीच, बेसमेंट मेंब्रेनच्या, म्हणजे एपिथेलियम आणि स्ट्रोमामधल्या पातळ पडद्याच्या, जवळ, अचानक मोठी गुलाबी भरपूर सायटोप्लाझमवाली पेशी दिसली, जी खरं तर वर असायला हवी होती, तर थांबा. तिथेच तो पडदा बहुतेक वेळा फुटलेला असतो. त्या पेशीच्या शेजारी दातेरी लहान घोळके, तुटलेली सीमा आणि स्ट्रोमाची चिडचिड दिसली की शिक्कामोर्तब. तिरक्या कटमधली बेटं याच्या उलट, गोल, गुळगुळीत, सगळी साधारण एकाच खोलीवर आणि भोवतीचा स्ट्रोमा शांत झोपलेला. शंका असेल तर लेव्हल्स मागा, ब्लॉक आणखी कापला की बेट वरच्या एपिथेलियमला जाऊन चिकटतं का ते कळतं.

आपल्याकडच्या बायोप्सीत शेजारचा म्यूकोसा पण वाचायची सवय लावा. एपिथेलियम पातळ झालंय, रेटे पेग्ज सपाट, आणि खाली कोलॅजन एकसंध काचेसारखं गुलाबी, रक्तवाहिन्या दाबल्या गेलेल्या, तर ते सबम्यूकस फायब्रोसिस आहे आणि त्याच्या मागे सुपारी आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झने पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये हा प्रकार लिहिला आणि पुढच्याच वर्षी जोशींनी इथे मुंबईत त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं, म्हणजे हा आजार आधी आपल्या माणसांत नोंदवला गेला आणि त्याचं नाव आपल्या माणसाने ठेवलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही माहितीये मलाही. या पेशंटमध्ये एपिथेलियम पातळ असल्यामुळे डिस्प्लेझिया, म्हणजे कॅन्सरपूर्व बदल, हलका वाटू शकतो, फसू नका, आणि रिपोर्टमध्ये फायब्रोसिसचा उल्लेख करा, सर्जनला तोंड किती उघडतंय ते माहीत असतं पण बाकी म्यूकोसावर लक्ष ठेवायची गरज तुमच्या ओळीमुळे लक्षात राहते.

रिसेक्शन, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेली पूर्ण गाठ, आलं की निदान सोपं आणि मोजमाप अवघड. एजेसीसी या कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीपासून डेप्थ ऑफ इन्व्हेजन, म्हणजे घुसण्याची खोली, टी स्टेजमध्ये, म्हणजे मूळ गाठीच्या स्टेजमध्ये, आली, ५ मिमी आणि १० मिमी या दोन रेषा पाठ करून ठेवा. दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ असली तरी खोली ५ मिमीच्या वर गेली की टी-वन राहत नाही. मोजायचं कुठून यावर सगळ्यात जास्त गोंधळ, तर शेजारच्या नॉर्मल म्यूकोसाच्या बेसमेंट मेंब्रेनची पातळी धरायची आणि तिथून ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेषा सगळ्यात खोल गेलेल्या ट्युमरपर्यंत. गाठीच्या माथ्यापासून मोजलं तर ती जाडी झाली, खोली नाही. गाठ फुलकोबीसारखी बाहेर आली असेल तर जाडी जास्त आणि खोली कमी येते, आणि व्रण पडून खड्डा झाला असेल तर बरोबर उलट. एवढ्या एका मिलिमीटरवर काय अवलंबून असतं तर मानेचं ऑपरेशन. टाटा मेमोरियलच्या डिक्रूझ आणि मंडळींनी २०१५ मध्ये जी ट्रायल छापली त्यात सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मान आधीच साफ केलेल्यांचं, म्हणजे लिम्फ नोड काढलेल्यांचं, तीन वर्षांचं सर्व्हायव्हल ८० टक्के आणि वाट बघितलेल्यांचं ६७.५ टक्के आलं होतं. त्यामुळे मिलिमीटर लिहिताना अंदाजपंचे लिहू नका, स्केल लावा.

त्याच स्लाइडवर कडेचं वागणं पण लिहा. ट्युमर रुंद आघाडीने पुढे सरकतोय, की दोरे दोरे, की एकेकटी पेशी सुटून चाललीये, आणि मुख्य गाठीपासून १ मिमी किंवा जास्त अंतरावर नॉर्मल टिश्यूच्या पलीकडे एखादं बेट आहे का, असलं तर तो सगळ्यात वाईट पॅटर्न. नसेभोवती ट्युमर शोधा, आणि तो गाठीच्या आत नाही तर कडेच्या पुढे जाऊन शोधा. लिम्फ नोडमध्ये कॅप्सूल फोडून बाहेर आलाय का बघा, २ मिमीच्या आत की बाहेर तेही लिहा, कारण हे आणि पॉझिटिव्ह मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेवर ट्युमर, या दोन गोष्टींवर रेडिएशनच्या जोडीला केमो द्यायची की नाही ठरतं.

व्हेरुकस कार्सिनोमा हा तर या सगळ्या लेखाचा हिरो. अ‍ॅकरमनने १९४८ मध्ये वेगळा करून दाखवला. मिश्री-तंबाखूवाल्या आजींच्या गालात पांढरा, मस्सेदार, जाड थर, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा. स्लाइडवर वर केराटिनचे उंच सुळके, त्यांच्या मधल्या दऱ्यात केराटिन ठासून भरलेलं, आणि खाली रेटे पेग्ज हत्तीच्या पायासारखे रुंद, फुगलेले, सगळे एका रेषेत खाली उतरलेले आणि शेजारच्या म्यूकोसाला स्वतःबरोबर आत ओढून नेणारे. पेशी म्हणाल तर अगदी सज्जन. आता सर्जनने वरचा वरचा पांढरा पापुद्रा खरवडून पाठवला तर तुमच्या हातात फक्त केराटिन आणि सज्जन पेशी, तुम्ही लिहिता 'हायपरकेराटोसिस, नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी', पेशंट खूष होऊन घरी जातो आणि सहा महिन्यांनी परत येतो. मी हे एकदा केलेलं आहे, पीजीच्या दुसऱ्या वर्षी, आणि सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, 'हिचा पाया कुठे आहे रे?' पाया नसेल तर निदान करायचं नाही. आणि उलट बाजूने, पूर्ण व्हेरुकस गाठ आली तर भरपूर ब्लॉक घ्या, कारण एखाद्या कोपऱ्यात नेहमीचा घुसणारा स्क्वेमस लपलेला असू शकतो. शुद्ध व्हेरुकस नोडमध्ये जात नाही, कोपऱ्यात मिळालेला तो दुसरा जातो.

आता जे कॅन्सर नाही पण कॅन्सरसारखं दिसतं ते. एपिथेलियम कधी कधी खालच्या कुठल्या तरी चिथावणीने वेड्यासारखं खाली वाढतं, पर्लसुद्धा करतं. जिभेवर असं दिसलं की खालचा स्ट्रोमा नीट बघा, तिथे मोठ्या, रव्यासारख्या दाणेदार गुलाबी पेशी असतील तर तो ग्रॅन्युलर सेल ट्युमर, एस१०० या मार्कर स्टेनला पॉझिटिव्ह, आणि वरचं एपिथेलियम बिचारं निर्दोष. जिभेच्या पाठीवर मधोमध स्क्वेमस कार्सिनोमा तसा दुर्मिळच, तिथे हे निदान द्यायच्या आधी खालच्या पेशी बघितल्याच पाहिजेत. ग्रॅन्युलोमा, म्हणजे जुनाट सुजेचे पेशींचे पुंजके, दिसले तर टीबीसाठी झेडएन आणि फंगससाठी पीएएस नाहीतर जीएमएस हे स्टेन लावा, आपल्या देशात हे विसरणं परवडत नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर वरच्या जबड्याच्या आणि नाकाच्या बायोप्सींचा पूर आला होता तेव्हा कितीतरी फॉर्मवर 'कार्सिनोमा?' लिहिलेलं असायचं आणि आत रुंद, रिबिनीसारखे, सेप्टा म्हणजे मधले पडदे जवळपास नसलेले, काटकोनात फुटलेले म्यूकर या फंगसचे धागे. मृत टिश्यू दिसला की त्यात फंगस शोधायचा हे तेव्हापासून हातालाच लागलंय.

नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया हा आणखी एक गळेकापू. टाळूवर अचानक खोल व्रण, दिसायला भीतीदायक, बायोप्सीत स्क्वेमस घोळके. इथे परत फोर एक्सच वाचवतो, ते घोळके मूळच्या ग्रंथीच्या लोब्यूलच्या आकारातच असतात, शेजारी मेलेले असिनाय, म्हणजे लाळ बनवणारे पेशींचे झुबके, भुतासारखे उभे, कडा गोल. लोब्यूलची चौकट शाबूत असेल तर हात आखडता घ्या. काही आठवड्यांत तो व्रण आपोआप भरतो, आणि त्या पेशंटचा अर्धा टाळू चुकून काढला गेला तर तो भरत नाही.

घशात, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी, खेळ बदलतो. तिथला एचपीव्ही या विषाणूचा कार्सिनोमा केराटिन फारसं करत नाही, निळ्या पेशींचे मोठे गोल घोळके, वरचं एपिथेलियम चांगलं, कारण सुरुवात क्रिप्टच्या, म्हणजे टॉन्सिलमधल्या खाचेच्या, आतून असते, आणि भोवती लिम्फोसाइटची गर्दी. पी१६ हा मार्कर लावा आणि ७० टक्के किंवा जास्त पेशींत न्यूक्लिअस आणि सायटोप्लाझम दोन्ही चांगलं गडद रंगलं तरच पॉझिटिव्ह म्हणा. याला वेल-मॉडरेट-पुअर अशी ग्रेड देत नाहीत. आपल्याकडे तंबाखूचं प्रमाण एवढं की घशातले सगळेच एचपीव्हीचे धरू नका, आणि गालाच्या कॅन्सरवर पी१६ लावून पेशंटचे पैसे वाया घालवू नका. एक सापळा मात्र लक्षात ठेवा, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेतली पाण्याची गाठ, आत स्क्वेमस अस्तर, तिला पटकन ब्रँकियल सिस्ट म्हणू नका, ती बऱ्याचदा टॉन्सिलमधल्या चिमुकल्या कॅन्सरचा नोड निघते.

नाकाच्या मागच्या घशाचं, नेझोफॅरिंक्सचं, सांगतो आणि पुढे जातो. मोठे फिकट न्यूक्लिअस, ठळक न्यूक्लिओलस, पेशींच्या सीमा एकमेकींत विरघळलेल्या आणि सगळीकडे लिम्फोसाइट, त्यामुळे नोडमध्ये हा हुबेहूब लिम्फोमा वाटतो. केराटिनचा मार्कर आणि ईबर, म्हणजे ईबीव्ही विषाणूची टेस्ट, लावली की उलगडा होतो. पेशंट नागालँड किंवा मणिपूरचा असेल, आणि पुण्या-मुंबईत तिकडची भरपूर मुलं आहेत, तर हे आधी आठवलं पाहिजे.

लाळग्रंथी. इथे मी जरा रमतो. पहिला नियम, या गाठींत पेशी दोन जातीच्या, आतली डक्टची, म्हणजे लाळेच्या नळीची, आणि बाहेरून तिला वेढणारी मायोएपिथेलियल, आणि दोघींचं नातं कसं आहे यावर बरंच ठरतं. प्लिओमॉर्फिक अडेनोमा या कॅन्सर नसलेल्या गाठीत मायोएपिथेलियल पेशी डक्टपासून सुटून स्ट्रोमात हळूहळू विरघळतात, कुठे त्या संपल्या आणि कुठे निळसर मिक्सॉइड कूर्चेसारखा स्ट्रोमा सुरू झाला ते सांगताच येत नाही. हे विरघळणं हीच सही. एफएनएसीत, म्हणजे सुईने ओढलेल्या पेशींत, पण तेच, गीम्सा स्टेनला झगझगीत राणी रंगाचा तंतुमय स्ट्रोमा आणि त्यात पेशी रुतून बसलेल्या. अडेनॉइड सिस्टिकचा स्ट्रोमाही राणी रंगाचाच, पण त्याचे गोळे असतात, एकसंध, काचेच्या गोट्यांसारखे, कडा कातरल्यासारख्या स्पष्ट आणि पेशी बाहेरून चिकटलेल्या. तंतू विरुद्ध गोटी, एवढं जमलं तरी एफएनएसीतला सगळ्यात मोठा धोका टळतो. लहान निळ्या पेशी एवढ्याच दिसल्या आणि स्ट्रोमा धड नाही, तर लाळग्रंथीच्या एफएनएसी रिपोर्टच्या मिलान सिस्टीममध्ये अनिश्चितची कॅटेगरी त्यासाठीच आहे, वापरा, मर्दुमकी दाखवू नका.

अडेनॉइड सिस्टिकची चाळणी म्हणजे बुंदी पाडायचा झारा, गोल गोल भोकं. पण ती भोकं खरी पोकळी नसतात, बाहेरचा स्ट्रोमाच आत आलेला असतो, निळसर किंवा गुलाबी काचेसारखा. न्यूक्लिअस लहान, टोकदार, गडद. हा नसेच्या कडेकडेने इतका लांब जातो की सर्जनला मार्जिन मिळता मिळत नाही आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात उगवतो. ठोकळ्यासारखा सॉलिड भाग किती टक्के आहे ते लिहा, ३० टक्क्यांच्या वर गेला की ग्रेड वर जाते. याचा जुळा भासणारा पॉलिमॉर्फस अडेनोकार्सिनोमा, बहुतेक टाळूवरच, त्याच्या पेशी सगळ्या एकसारख्या पण नक्षी दर फील्डला वेगळी, इथे नळी, तिथे चाळणी, पुढे एका रांगेत चाललेल्या पेशी, आणि नसेभोवती चक्रीवादळाच्या नकाशासारखे वेटोळे. न्यूक्लिअस फिकट, मोकळे. अडलंच तर पी६३ आणि पी४० हे मार्कर दोन्ही लावा, पॉलिमॉर्फसमध्ये साधारणपणे पी६३ येतं आणि पी४० येत नाही, अडेनॉइड सिस्टिकमध्ये दोन्ही एकमेकांशी जुळतात. टाळूच्या छोट्या बायोप्सीत मात्र कड दिसत नसेल तर या दोघांमधे आणि प्लिओमॉर्फिकमधेही भलेभले अडकतात. चांगल्या दिसणाऱ्या पेशी असूनही टाळूवर कड बघितल्याशिवाय बिनाइन लिहू नये असं माझं मत.

म्यूकोएपिडर्मॉइड हा लाळग्रंथीचा सगळ्यात जास्त भेटणारा कॅन्सर, लहान मुलांतही. तीन प्रकारच्या पेशी, म्यूकसवाल्या, स्क्वेमससारख्या आणि मधल्या. लो ग्रेड म्हणजे पाण्याच्या पोकळ्या आणि म्यूकस, म्हणून एफएनएसीत नुसता चिकट द्रव येतो आणि 'सिस्ट' म्हणून रिपोर्ट जातो. हाय ग्रेडमध्ये म्यूकस पेशी शोधाव्या लागतात, म्यूकस रंगवणारं म्यूसिकार्मिन लावा. आणि खरोखरचं भरघोस केराटिन दिसलं तर म्यूकोएपिडर्मॉइडवर शंका घ्या, तो बहुतेक दुसराच कोणीतरी असतो, उदाहरणार्थ डोक्याच्या कातडीवरून पॅरोटिड या कानाखालच्या लाळग्रंथीच्या नोडमध्ये आलेला स्क्वेमस.

असिनिक सेल कार्सिनोमाच्या पेशी नॉर्मल पॅरोटिडसारख्याच, जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या, फक्त लोब्यूल आणि डक्ट गायब. हेच 'नॉर्मल ग्रंथीच आहे' म्हणून सोडून दिलं जातं, तेव्हा डक्ट शोधायची सवय ठेवा, चरबी पण. दाणे नाहीत, सायटोप्लाझम गुलाबी बुडबुड्यांचं, तर सेक्रेटरी कार्सिनोमा, २०१० मध्ये स्कालोवा आणि सहकाऱ्यांनी वेगळा केला, त्याआधी हे बहुतेक असिनिकमध्येच मोजले जायचे. एस१०० आणि मॅमाग्लोबिन दोन्ही कडक पॉझिटिव्ह. याच्यात ईटीव्ही६-एनटीआरके३ हे फ्यूजन, म्हणजे दोन जीन्सची जोडणी, असतं आणि त्यावर गोळी आहे, म्हणून नाव बरोबर देण्याला पैशात मोजता येईल एवढी किंमत आहे. वॉर्थिन या कॅन्सर नसलेल्या गाठीबद्दल फार काही नाही, सिगरेट ओढणारे काका, कानाखाली मऊ गाठ, एफएनएसीत गाडीच्या काळ्या ऑइलसारखा द्रव, स्लाइडवर गुलाबी दाणेदार पेशींच्या दोन रांगा आणि खाली लिम्फॉइड टिश्यू. एकदा बघितला की विसरत नाही.

नाकातली लहान गोल निळी पेशी बघितली की एचअँडईवर, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवर, छाती ठोकून काही बोलू नका. मी पहिल्या फेरीत केराटिन, एलसीए, एस१००, डेस्मिन, सिनॅप्टोफायसिन आणि सीडी९९ एवढे मार्कर लावतो, मग दिशा मिळते. लोब्यूल, मधे बारीक तंतूंचं जाळं, केराटिन जवळपास नाही आणि एस१०० फक्त लोब्यूलच्या कडेने, तर ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा. पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसल्यात आणि भरपूर टिश्यू मेलंय, तर एनके-टी लिम्फोमा, ईबर लावा. एस१०० सगळीकडे, तर मेलॅनोमा, रंगद्रव्य नसलं तरी. केराटिन पॉझिटिव्ह निळ्या पेशींच्या मधेच काही ओळख न देता अचानक पिकलेल्या स्क्वेमसचं बेट, तर नट कार्सिनोमा, तरुण पेशंट असला तर जास्तच. आणि केराटिन पॉझिटिव्ह पण कशातच बसत नाही, तर आयएनआय१ हे प्रोटीन गेलंय का बघा.

जबड्याच्या हाडातलं दंतवैद्य मंडळी आमच्यापेक्षा चांगलं वाचतात हे कबूल. अमेलोब्लास्टोमात बेटाच्या कडेच्या पेशी उंच, रांगेत, आणि न्यूक्लिअस बेसमेंट मेंब्रेनपासून दूर सरकलेले, जणू भिंतीपासून पाऊलभर मागे उभी राहिलेली मुलं, आणि आत सैल चांदणीसारख्या पेशी. मायटोसिस शोधत बसू नका, ही गाठ पसरते ती हाडाच्या मज्जेतून. केराटोसिस्ट या जबड्यातल्या सिस्टमध्ये अस्तर सहा ते दहा पेशी जाड, पृष्ठभाग लाटेसारखा, तळाची रांग गडद. पण सिस्टला इन्फेक्शन झालं की ही सगळी नक्षी पुसली जाते, तेव्हा सूज नसलेला कोपरा शोधा, एक्स-रे मागवा. एक्स-रे न बघता हाडाच्या गाठीचा रिपोर्ट देणं म्हणजे पत्ता न वाचता पत्र टाकणं.

मानेत कॅरोटिड धमनीच्या फाट्यावर गाठ असेल तर पॅरागँग्लिओमा, पेशींचे छोटे गोल घोळके, भोवती रक्तवाहिन्यांची जाळी, एस१००ने घोळक्याभोवती बारीक रेघ. वर म्हटलं तसं, इथल्या भयानक न्यूक्लिअसना घाबरू नका, आणि एसडीएचबी हा मार्कर लावायला मात्र विसरू नका, गेलेलं असेल तर घरातल्या बाकीच्यांची पण तपासणी लागते.

शेवटी रिपोर्ट लिहिणं. कड दिसत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, 'एपिथेलियम-स्ट्रोमा सीमा या नमुन्यात नाही, त्यामुळे इन्व्हेजनबद्दल मत देता येत नाही'. नुसतं 'क्लिनिकली कोरिलेट करा' लिहून हात झटकू नका, सर्जनला त्यातून काही कळत नाही. काय हवंय ते सांगा, व्रणाच्या मधला मेलेला भाग नको, कडेचा तुकडा हवा, शेजारच्या नॉर्मल म्यूकोसासकट, आणि स्ट्रोमापर्यंत खोल. हे फोनवर पण सांगा कारण रिपोर्टची तिसरी ओळ कोणी वाचत नाही. आणि दुसरी बायोप्सी आली की पहिली स्लाइड कपाटातून काढून शेजारी ठेवा, तीच कड आता दिसतेय का ते फोर एक्सवर बघा, मगच लेन्स फिरवा.